एकाच कातळावर पुन्हा पुन्हा: मुंबईच्या किनाऱ्यावरील सागरी जीवांची नोंद कशी ठेवावी

मुंबईच्या समुद्रात आता काही उरलेले नाही असे म्हणणारे आणि तेथे अजून सगळे शाबूत आहे असे म्हणणारे, हे दोघेही बहुधा एकदाच ओहोटीला खाली उतरलेले असतात. एका फेरीतून जीवांची यादी तयार होते. किनारा सुधारतो आहे की ढासळतो आहे, हे त्या यादीवरून कळत नाही. ते कळण्यासाठी त्याच जागी, त्याच पद्धतीने, त्याच प्रकारच्या ओहोटीला पावसाळा सोडून वर्षभर जावे लागते. हा लेख अशा कामाला नव्याने सुरुवात करणाऱ्या दोन-तीन जणांच्या गटासाठी आहे. त्यांच्याकडे होडी नाही, प्रयोगशाळा नाही, पण महिन्यातून दोन सकाळी आहेत, असे येथे गृहीत धरले आहे.

जागेची निवड

मुंबईत तीन तऱ्हेचे किनारे हाताशी आहेत. वांद्र्याचा बँड स्टँड, कार्टर रोड, ब्रीच कँडी, हाजी अली आणि वरळी येथे बेसॉल्टचा कातळ आहे. गिरगाव, जुहू आणि अक्सा येथे वाळू आहे. शिवडी, माहीम आणि ठाण्याच्या खाडीत चिखल आणि तिवरांची खाजणे आहेत. नवख्यांनी कातळापासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. वाळूतले आणि चिखलातले बहुतेक जीव जमिनीत गाडलेले असतात. ते मोजायचे तर चिखल खणून अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुवावा लागतो आणि त्यातले सूत्रकृमीसारखे दिसणारे वलयी प्राणी सूक्ष्मदर्शकाशिवाय ओळखता येत नाहीत. कातळावरचे कालव किंवा बार्नॅकल (दगडाला चिकटून जगणारा, कठीण कवचाचा लहान प्राणी) मात्र एकदा चिकटले की जागा सोडत नाही. पाण्याचा नमुना त्या एका क्षणाचे पाणी दाखवतो, तर चिकटून जगणारा प्राणी गेल्या कित्येक महिन्यांच्या पाण्याची साक्ष देतो.

जागा एक नव्हे, दोन निवडाव्यात. एक सांडपाण्याच्या नाल्याच्या मुखाजवळची आणि दुसरी त्याच किनाऱ्यावर त्यापासून शक्य तितकी दूर. दोन्हींचा उतार आणि लाटांचा मारा सारखा असावा. उघड्या समुद्राकडचा कातळ आणि भिंतीच्या आडोशाचा कातळ यांची तुलना केली, तर दिसणारा फरक लाटांचा असतो आणि दोष मात्र प्रदूषणाला दिला जातो. किनारा रस्त्याच्या (कोस्टल रोडच्या) भरावालगत, म्हणजे प्रिन्सेस स्ट्रीट ते वरळी या १०.५८ किलोमीटरच्या पट्ट्यात, काम करायचे असेल तर भरावाची नवी दगडी भिंत आणि मूळ कातळ यांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात. नव्या दगडावर जीव येतात, हे खरे; पण आधी येतात ते कोठेही तग धरणारे, आणि त्यांची गर्दी पाहून जुन्या कातळाची भरपाई झाली असे समजू नये. नौदलाच्या आणि बंदराच्या हद्दीत परवानगीशिवाय जाऊ नये, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

निवडलेली जागा पुढच्या वेळी नेमकी सापडली पाहिजे. त्यासाठी कातळाला भोके पाडू नयेत आणि रंगही फासू नये. समुद्रात जाळ्याची जागा शोधताना कोळी जसे किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आणतात, तशाच दोन जोड्या निवडाव्यात: समोरचा दिव्याचा खांब मागच्या इमारतीच्या कोपऱ्याशी जुळतो आणि डावीकडचे देऊळ पाण्याच्या टाकीशी जुळते, ती ही जागा. खुणांचे छायाचित्र वहीत चिकटवावे. मोबाइलमधील स्थाननोंद काही मीटरने चुकू शकते आणि कातळावर तेवढ्या अंतरात जीवांचा सगळा पट्टा बदलतो.

वेळ आणि ओहोटी

तिथीवरून भरतीची वेळ काढण्याचा हिशेब कोकण किनाऱ्यावर जुना आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, येईल त्या वाजता पूर्ण भरती. द्वितीयेला दीड वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर सव्वासहा तासांच्या सुमारास ओहोटी पूर्ण होते. हिशेब शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना लागू पडतो, पण तो अंदाजाचा आहे. फेरी ठरवण्यासाठी तो वापरावा आणि प्रत्यक्ष उतरण्यापूर्वी मुंबई बंदराचे भरती-ओहोटीचे अधिकृत वेळापत्रक पाहावे, कारण वेळेइतकीच पाण्याची उंचीही महत्त्वाची असते. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असते. भरती मोठी आणि ओहोटीही खोल. अष्टमीच्या आसपास भांग असतो आणि पाणी फारसे ओसरत नाही. खालच्या पट्ट्यातील जीव उघडे पडायला हवे असतील तर वेळापत्रकात ओहोटीची उंची पाऊण मीटरपेक्षा कमी असलेले दिवस निवडावेत. मुंबईत उधाणाची ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास येते, ही आपल्या सोयीचीच गोष्ट आहे.

पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी उतरावे, पाण्याच्या मागोमाग खाली जावे आणि पाणी वळले की काम अर्धे राहिले तरी परत फिरावे. कातळावर पाणी समोरून येते असे वाटते; प्रत्यक्षात ते आधी पाठीमागच्या खळग्यांतून भरते. जून ते सप्टेंबर हे काम करू नये.

सोबत काय न्यावे

पकड घट्ट असलेले बंद बूट, जाड हातमोजे, पिण्याचे पाणी, पेन्सिल, पाण्याने न भिजणारी वही, मापपट्टी आणि पीव्हीसी पाइपची चौकट एवढे जीवांच्या मोजणीला पुरते. चप्पल घालून उतरू नये. कालवांच्या कडांनी पाय कापतो आणि सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात ती जखम लवकर चिघळते. धनुर्वाताची लस घेतलेली असावी. शंकूच्या आकाराची गोगलगाय कितीही सुंदर असली तरी उचलू नये, तिचा दंश विषारी असतो. उथळ वाळूच्या पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चालावे, म्हणजे तळाशी बसलेले पाकट दूर सरकते. २०१३ च्या गणेशविसर्जनात गिरगाव चौपाटीवर अनेकांना पाकटाचे काटे लागले, ते याच उथळ पाण्यात. एकट्याने कधीही उतरू नये.

चौकट आणि रेघ

आता मुख्य कामाकडे. आतून ५० सेंटिमीटर बाजू असलेली चौकट तयार करावी आणि तिला दर १० सेंटिमीटरवर दोन्ही बाजूंनी सुतळी बांधावी. तयार होणाऱ्या २५ घरांपैकी प्रत्येक घर म्हणजे चौकटीचे ४ टक्के क्षेत्र. भिंतीपासून पाण्याच्या कडेपर्यंत मापपट्टी सरळ अंथरावी आणि तिच्यावर वरचा, मधला व खालचा असे तीन पट्टे ठरवावेत. प्रत्येक पट्ट्यात पाच ठिकाणी चौकट ठेवावी, म्हणजे एका जागेच्या पंधरा नोंदी होतात. दोन माणसांना एका ओहोटीत एवढेच जमते, त्यामुळे दुसऱ्या जागेसाठी दुसरी सकाळ ठेवावी.

चौकट कोठे ठेवायची, हे डोळ्यांनी ठरवू नये. सुरुवातीच्या एका हंगामात मी चौकट नकळत नेहमी समुद्रफुले (सी ॲनिमोन) असलेल्या खळग्याजवळ ठेवत गेलो आणि माझ्या वहीत तो कातळ प्रत्यक्षापेक्षा कितीतरी समृद्ध झाला. ती सगळी पाने नंतर बाजूला ठेवावी लागली. घरी बसूनच चिठ्ठ्या टाकून मापपट्टीवरची अंतरे ठरवावीत आणि त्या ठिकाणी नुसता उघडा दगड निघाला तरी तोच मोजावा. उघडा दगड हीसुद्धा नोंद आहे.

चिकटून पसरणारे जीव टक्क्यांत मोजावेत: शैवाल, स्पंज, समुद्रफुलांच्या जवळचे, गालिच्यासारखे पसरणारे झोअँथिड, कालवे, बार्नॅकल. हिंडणारे जीव संख्येने मोजावेत: गोगलगाई, खेकडे, शंखातले खेकडे. प्रत्येक चौकटीचे छायाचित्र थेट वरून, सावली पडू न देता घ्यावे आणि चौकटीत तारीख व क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी. ओळख पटली नाही तर पुढे हेच छायाचित्र कामी येते. दगड उलटून पाहिला तर तो त्याच बाजूने, त्याच जागी परत ठेवावा. खालच्या बाजूला राहणारे जीव उन्हात पडले तर तासाभरात मरतात, आणि अभ्यासकांनीच उलटे टाकून दिलेले दगड मी कमी पाहिलेले नाहीत.

पट्ट्यांचा क्रम साधारणपणे असा दिसतो. अगदी वर, जेथे केवळ मोठ्या भरतीचे तुषार पोहोचतात, तेथे वाटाण्याएवढ्या गोगलगाई आणि बार्नॅकल असतात. मधल्या पट्ट्यात कालवांचा थर आणि जाड शिंपल्याच्या नेरिटा गोगलगाई आढळतात. खाली, जेथे दगड थोडाच वेळ उघडा पडतो, तेथे समुद्रफुले, झोअँथिड, स्पंज, निरनिराळी शैवाले आणि क्वचित प्रवाळाच्या लहान वसाहती असतात. मुंबईत प्रवाळ आहे, हे अनेकांना खरे वाटत नाही. किनारा रस्त्याच्या कामासाठी वरळी आणि हाजी अलीजवळच्या वसाहती २०२० मध्ये हलवाव्या लागल्या, तेव्हा ते बातम्यांत आले. प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणून त्याचा तुकडा नमुना म्हणूनही घेता येत नाही. खरे तर नवख्यांनी कोणताच जीव घरी नेऊ नये.

ओळख पटवणे

पहिल्या तीन महिन्यांत जातीपर्यंत ओळखण्याचा हट्ट धरू नये. ‘कालव’, ‘बार्नॅकल’, ‘हिरवे पातळ शैवाल’, ‘तपकिरी झोअँथिड’ असे पंधरा-वीस गट ठरवून ते सातत्याने वापरावेत. चुकीच्या शास्त्रीय नावापेक्षा बरोबर ओळखलेला गट केव्हाही उपयोगी. छायाचित्रे आयनॅचरलिस्ट या जीवनोंदींच्या संकेतस्थळावर टाकली तर जाणकार ओळख सुचवतात. प्रदीप पाताडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमाने शेकडो मुंबईकरांना ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर नेले आहे. पहिली एक-दोन वेळा अशा जाणत्यांबरोबर जावे आणि मगच स्वतःची मापपट्टी अंथरावी.

दुसरे जाणते कोळीवाड्यात आहेत. कातळावरून कालवे काढणाऱ्या मावशींना कोणती खडप कधी ‘मेली’, शिणाणे (खाण्याच्या शिंपल्या) पूर्वी कोठे मिळत, निवटी (चिखलावर सरपटणारा मासा) कोणत्या खाजणातून नाहीशी झाली, हे वर्षांच्या हिशेबाने ठाऊक असते. मोजणी आज सुरू होते. त्यापूर्वीच्या तीस-चाळीस वर्षांची माहिती फक्त त्यांच्याकडे आहे. मात्र विचारताना घाई करू नये आणि ‘पूर्वी किती मिळायचे?’ असा मोघम प्रश्न टाळावा. ‘मावशी, तुमच्या लग्नाच्या वर्षी एका ओहोटीला टोपली भरायची का?’ असे विचारले की उत्तराला काळाची खुंटी मिळते. सांगणाऱ्या व्यक्तीची संमती घ्यावी आणि त्यांच्या नेहमीच्या जागांचा नेमका पत्ता कोठेही जाहीर करू नये.

पाण्याची आणि कचऱ्याची नोंद

मुंबईच्या किनाऱ्यावरचा सर्वांत मोठा भार सांडपाण्याचा आहे. वरळी आणि वांद्रे येथून ते तीन किलोमीटरहून लांब समुद्रमुखांनी आत सोडले जाते. पण कोणतीही प्रक्रिया न होता नाल्यांतून आणि मिठी, ओशिवरा, पोईसर, दहिसर या नद्यांतून येणारे पाणी थेट किनाऱ्याला लागते. सांडपाण्यात सेंद्रिय द्रव्य असते, ते कुजवताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरतात, आणि ज्यांना प्राणवायू अधिक लागतो ते जीव आधी जातात. म्हणून दर फेरीला चार गोष्टी मोजाव्यात: तापमान, क्षारता, विरघळलेला प्राणवायू आणि पाण्याचा गढूळपणा. क्षारता मोजण्याचे हातातले उपकरण महाग नसते आणि ते एक मोलाची गोष्ट सांगते. कोरड्या ऋतूत उघड्या समुद्राच्या पाण्यात हजार भागांत सुमारे ३५ भाग क्षार असतात; हा आकडा बराच खाली दिसला तर तेथे गोडे पाणी, म्हणजे बहुधा सांडपाणीच, मिसळते आहे.

प्राणवायूच्या बाबतीत नवखे हमखास फसतात. दुपारी शैवाल प्राणवायू सोडते, म्हणून घाण पाण्यातही आकडा चांगला येतो. पहाटे तेच पाणी गुदमरलेले असते. ओहोटीला खाडीचे पाणी बाहेर येते, भरतीला समुद्राचे आत जाते. त्यामुळे नमुना दर वेळी सकाळी आणि ओहोटीच्या त्याच टप्प्यावर घ्यावा, अन्यथा दोन महिन्यांच्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. तुलनेसाठी स्नानयोग्य किनारी पाण्याचे राष्ट्रीय निकष उपयोगी पडतात: प्राणवायू लिटरला किमान ४ मिलिग्रॅम, जैविक प्राणवायू मागणी (सेंद्रिय घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू) जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम आणि १०० मिलिलिटरमध्ये विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणू जास्तीत जास्त १००. शेवटच्या दोन चाचण्या प्रयोगशाळेतूनच करून घ्याव्या लागतात. जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला विचारावे, अनेकदा विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात त्या बसतात.

कचरा मोजण्यासाठी भरतीच्या सर्वांत वरच्या रेषेवर १०० मीटरचा पट्टा ठरवावा आणि वस्तू वजनावर नव्हे, तर नगांवर मोजाव्यात. एक भिजलेली गोणी शंभर पाउचांपेक्षा जड भरते, पण नाल्यातून काय येते आहे ते पाउचच सांगतात. जाळ्याचे तुकडे, निर्माल्य, गुटख्याची पाकिटे आणि थर्माकोल हे वेगवेगळ्या वाटांनी येतात, म्हणून त्यांचे रकाने वेगळे असावेत. एखादी दुर्घटना घडली तर नेहमीची नोंद सोडून लगेच वेगळी फेरी करावी. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया ३ ही जहाजे आदळली आणि तेलाचा तवंग तिवरांपर्यंत पोहोचला. अशा वेळी त्याआधीच्या महिन्याची साधी नोंदसुद्धा अनमोल ठरते, कारण नुकसान किती झाले हे ‘आधी’च्या आकड्याशिवाय सांगताच येत नाही.

आकडे वाचताना

जातींची संख्या हा पुरेसा निकष नाही. समजा, दोन चौकटींत प्रत्येकी पाच जातींचे शंभर जीव आहेत. पहिलीत प्रत्येक जातीचे वीस आहेत. दुसरीत एकाच जातीचे ९६ आणि उरलेल्या चारांचा एकेक. यादी दोन्हीकडे पाचाचीच. जातींची वाटणी किती समतोल आहे हेही धरणारा शॅनन निर्देशांक काढला तर पहिलीचा १.६१ येतो आणि दुसरीचा ०.२२. काढण्याची रीत अवघड नाही: प्रत्येक जातीचा एकूणातला वाटा घ्यावा, त्याला त्याच वाट्याच्या नैसर्गिक लॉगरिदमने गुणावे, सगळ्यांची बेरीज करावी आणि ऋण चिन्ह काढून टाकावे. संगणकावरच्या कोणत्याही तक्त्यात हे होते. सांडपाण्याचा ताण वाढला की बहुधा हेच घडते: जाती लगेच संपत नाहीत, पण एक-दोन सोशिक जाती सगळी जागा व्यापतात. नाल्याजवळच्या कातळावर दिसणारा चमकदार हिरवा, लेट्यूसच्या पानासारखा शैवालाचा थर डोळ्यांना ताजा वाटतो. प्रत्यक्षात तो नायट्रोजन-फॉस्फरसच्या मेजवानीवर पोसलेला असतो.

हाच सावधपणा पक्ष्यांच्या बाबतीतही हवा. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळाला, ही आनंदाची गोष्ट आहे. पण लहान फ्लेमिंगो मुख्यतः सूक्ष्म शैवालावर जगतात आणि पोषकद्रव्यांनी भरलेल्या पाण्यात ते शैवाल भरपूर वाढते. त्यामुळे गुलाबी थव्यांच्या संख्येवरून खाडी निरोगी असल्याचा निष्कर्ष काढू नये. परक्या जातींचा हिशेबही वेगळा ठेवावा. अमेरिकेकडच्या उष्ण किनाऱ्यांवरून जहाजांबरोबर आलेली मायटिलॉप्सिस सलेई ही लहान शिंपली मुंबई बंदरात अर्ध्या शतकाहून अधिक काळ ठाण मांडून आहे, आणि ती मोजणीत मिळवली तर विविधतेचा आकडा फुगतो.

नोंदीचा उपयोग

संवर्धन म्हटले की लोकांना दोनच गोष्टी आठवतात, कचरा उचलणे आणि झाडे लावणे. वर्सोव्यात ऑक्टोबर २०१५ पासून अफरोज शाह यांच्या पुढाकाराने झालेल्या सफाईनंतर मार्च २०१८ मध्ये तेथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले दिसली, हे खरे आहे आणि उत्साह देणारे आहे. मात्र सफाई हाताने करावी. वाळू नांगरणारी यंत्रे प्लास्टिकबरोबर वाळूतले खेकडे आणि शिंपलेही नेतात. तिवरांची रोपे उघड्या चिखलाच्या मैदानावर लावण्याला तर मी ठाम विरोध करीन, कारण ते मैदान रिकामे नसते; ओहोटीला शेकडो पाणपक्षी तेथेच खातात. तिवर जेथे पूर्वी होते आणि तोडले गेले, तेथे भरतीच्या पाण्याची वाट मोकळी करून दिली की बहुधा रोपे आपोआप रुजतात.

यापेक्षा अधिक परिणाम तारीखवार नोंदीचा होतो. किनारा नियमन क्षेत्रातील (सीआरझेडमधील) प्रकल्पाची जनसुनावणी जाहीर झाली की अहवालात त्या जागेचे वर्णन काय केले आहे ते वाचावे. तेथे ‘उल्लेखनीय सागरी जीव आढळत नाहीत’ असे लिहिले असेल आणि तुमच्याकडे त्याच कातळाच्या पूर्ण हंगामाच्या, दर फेरीच्या पंधरा-पंधरा चौकटी असतील, तर हरकतीसोबत त्याच जोडाव्यात. भावनेच्या दोन पानांपेक्षा त्या वजनदार ठरतात. तिवरांवर राडारोडा टाकला जात असेल तर छायाचित्र, वेळ आणि स्थान यांसह वन विभागाच्या कांदळवन (म्हणजे तिवरांच्या) कक्षाकडे तक्रार करावी. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात तिवरांच्या तोडीला मनाई केली आहे आणि त्यांच्याभोवतीचे ५० मीटरचे क्षेत्रही संरक्षित मानले आहे. जखमी कासव किंवा डॉल्फिन दिसले तर त्याला पाण्यात ढकलू नये, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

नोंद कोळीवाड्यातही न्यावी, कारण ती जेथून सुरू झाली तेथे परत गेली नाही तर पुढच्या वर्षी कोणी बोलणार नाही. तेथे बोलताना मासेमारीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी ते पाळतात, आणि जाळ्यात अडकलेला संरक्षित जीव जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला राज्य सरकार भरपाई देते, ही योजना सर्वांपर्यंत पोहोचलेली नसते. ती सांगण्यासाठी तुमची भेट उपयोगी पडू शकते.

मे महिन्याच्या शेवटच्या उधाणाला हंगामाची अखेरची फेरी करावी आणि वहीच्या दोन प्रती काढाव्यात, त्यांपैकी एक गटाबाहेरच्या कोणाकडे ठेवावी. ऑक्टोबरमध्ये पावसाळ्यानंतर पहिल्यांदा उतराल तेव्हा मधल्या पट्ट्यातला बराचसा कातळ गाळाने झाकलेला असेल आणि वर बारीक बार्नॅकलांची नवी पिढी पांढऱ्या ठिपक्यांसारखी बसू लागलेली असेल. ती पिढी मोजायला दर वर्षी तीच तिथी निवडावी.